गेटवरच्या दिव्यामुळे संध्याकाळी सीसीटीव्ही कॅमेरा सारखा डे-नाइट करतो, म्हणजे दिवसाच्या रंगीत आणि रात्रीच्या कृष्णधवल मोडमध्ये अदलाबदल करतो. वेळ लावून देता येते का?
हो, येते; पण आधी ‘ऑटो’ तसंच ठेवून ‘फिल्टरिंग टाइम’ (उजेड बदलल्यावर मोड बदलण्याआधी कॅमेरा थांबतो तो वेळ) वाढवून बघा. हिकव्हिजन कंपनीच्या बऱ्याच आयपी (नेटवर्कवर चालणाऱ्या) कॅमेऱ्यांत तो इमेज सेटिंगमधल्या ‘डे/नाइट स्विच’खाली असतो, ५ ते १२० सेकंदांपर्यंत. साठेक सेकंद ठेवले की जाणाऱ्या गाडीच्या हेडलाइटने मोड बदलत नाही. लेन्समागे इन्फ्रारेड अडवणारी काच असते. अंधार पडला की ती बाजूला सरकते, ‘टक्’ आवाज तिचाच. अर्धवट उजेडात ती सारखी मागेपुढे होत राहते, ते टाळलेलंच बरं. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या एलईडींचा उजेड जवळच्या भिंतीवर किंवा छज्ज्यावर आपटून परत येत असेल तर तेही कारण असू शकतं. तेव्हा तोंड थोडं फिरवा. तरीही थांबलं नाही, तर तिथेच ‘शेड्यूल्ड स्विच’ निवडून वेळ भरा. मात्र ही वेळ ऋतूप्रमाणे आपोआप सरकत नाही: मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला साधारण ७:२० ला. म्हणून दोन-तीन महिन्यांनी ती बदलावी लागेल. होम असिस्टंट (घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल आणि कॅमेरा ऑनव्हिफवरून (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे जोडायची सामाईक पद्धत) हे सेटिंग बदलू देत असेल, तर सूर्यास्तावर ऑटोमेशन लावा.