तलावपाळीवरच्या चार ओळी

तुझ्या चारोळ्या वाचल्या. नजर आहे गं तुझ्याकडे, फक्त घाई होते. ठाण्याच्या तलावपाळीची संध्याकाळ छान उभी केलीस, पण शेवटच्या ओळीत 'जीवन हे असेच असते' आलं आणि तलाव दिसेनासाच झाला. ती ओळ काढ. आजच काढ.

मीसुद्धा सुरुवातीला हेच करायचे. मग एकदा पावसामुळे ठाणे स्टेशनबाहेर गजरेवालीशेजारी अडकले. शेवटचा गजरा विकून तिनं टोपलीतलं ओलं फडकं झटकलं. त्यातून मोगऱ्याची एक कळी पडली. ती उचलून तिनं अंबाड्यात खोचली, इकडेतिकडे न बघता. घरी येऊन एवढंच लिहिलं:

शेवटचा गजरा गेला
सुटी एक कळी
तिच्याच अंबाड्याला

तिचे कष्ट, तिची हौस, काही सांगितलं नाही. कळी सांगते ते.

हायकूही लिहून बघ, तीन ओळींची जपानी कविता. जपानीत ओळींची ५-७-५ अक्षरं अशी मांडणी असते. मराठीत तो कवयित्री शिरीष पै यांनी रुजवला. आपल्याकडे तीनपैकी दोन ओळींत यमक साधतात. पण यमकासाठी खोटा शब्द घेऊ नकोस, त्यापेक्षा यमक सोड.

हिवाळ्यात ऐरोलीच्या खाडीकडे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला जा. 'गुलाबी' हा शब्द सगळेच वापरतात. तू त्यांची मान बघ, डोकं उलटं करून चोचीनं पाणी कसं गाळतात ते बघ. आणि तिथेच मोबाईलमध्ये टिपून घे. घरी पोचेपर्यंत नेमका शब्द निसटतो.