विमा गेला, आता तपासणी कुठे?

प्रश्न : मावशी, नवऱ्याची नोकरी गेल्या महिन्यात गेली आणि तिच्याबरोबर आमचा आरोग्यविमाही. ग्रीन कार्ड येऊन दोनच वर्षं झालीत. बाळ दीड वर्षाचं आहे, दुसरं इतक्यात नको. मला तांबी बसवायची आहे, पॅप टेस्टही (गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगासाठीची तपासणी) राहिली आहे. विम्याशिवाय किती लागतील ते डॉक्टरांच्या ऑफिसातून कळल्यावर मी गुपचूप फोन ठेवला. स्वस्तातली क्लिनिकं आता बंद पडणार असंही ऐकते. आमच्यासारख्यांना सरकारची काही मदत असते का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : असते. फोन पुन्हा कर, पण या वेळी कुटुंबनियोजन केंद्रात कर. अशाच एका केंद्राच्या काउंटरवर मी निवृत्त होईपर्यंत बसत होते. घरात माणसं किती, पैसा किती येतो, हे विचारून फी ठरवायची हे माझं काम. आपल्या मराठी बायका तिथे फार उशिरा यायच्या. ‘आम्ही काही गरीब नाही’ म्हणत महिने काढायच्या आणि मग खालमानेने आत शिरायच्या. तू मान वर करून जा. तुमच्या घरातून इतकी वर्षं कर गेला आहे.

‘टायटल टेन’ हा केंद्र सरकारचा कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. त्या कायद्यावर सही रिचर्ड निक्सन यांची आहे. त्या पैशावर चालणाऱ्या क्लिनिकमध्ये दारिद्र्यरेषेच्या आतल्यांना फी पडत नाही आणि रेषेच्या अडीचपटीपर्यंत उत्पन्नाप्रमाणे सवलत मिळते. २०२५ मध्ये तिघांच्या कुटुंबासाठी ही रेषा वर्षाला २६,६५० डॉलर होती, म्हणजे ६६,६२५ डॉलरपर्यंत सवलत. तिथे नवऱ्याचा गेलेला पगार सांगत बसू नकोस. आज घरात काय येतं ते सांग, बेकारी भत्त्यासकट. फोनवर पहिला प्रश्न ‘स्लायडिंग फी, म्हणजे उत्पन्नाप्रमाणे फी, आहे का?’ हा विचार, आणि तांबी व पॅप टेस्ट एकाच भेटीत होईल का हा दुसरा. एक खेप वाचली तर बाळाला कोणाकडे ठेवायचं हा प्रश्नही एकदाच येतो.

मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा, आपल्याकडचं ‘एनजे फॅमिलीकेअर’, तुला बहुधा मिळणार नाही, कारण ग्रीन कार्डाला पाच वर्षं व्हावी लागतात. गरोदर बायका आणि मुलं यांच्यासाठी मात्र न्यू जर्सीने ही अट ठेवलेली नाही, तेव्हा बाळाचा अर्ज आजच कर. शिवाय इमिग्रेशनच्या अटीमुळे फॅमिलीकेअर नाकारलं जाणाऱ्या बायकांसाठी राज्याची वेगळी योजना आहे. तिचं नाव लांबलचक आहे, ‘न्यू जर्सी सप्लिमेंटल प्रीनेटल अँड काँट्रासेप्टिव्ह प्रोग्रॅम’. गर्भारपणातली तपासणी आणि गर्भनिरोधनाची साधनं त्यात येतात. हे नाव कागदावर लिहून ने आणि काउंटरवर दाखव, कारण समोरची मुलगी नवीन असेल तर तिलाही ते आठवेलच असं नाही.

आणखी एक, आणि याला मुदत आहे. नोकरीचा विमा गेल्यापासून ६० दिवसांत ‘गेट कव्हर्ड एनजे’ या राज्याच्या विमा-बाजारात नवा विमा घेता येतो. त्यातला एक महिना तुझा गेलाच. उत्पन्न कमी असेल तर हप्त्यात सूट मिळते, आणि या विम्यांत तांबी, गोळ्या वगैरे साधनं वेगळे पैसे न घेता द्यावी लागतात.

तांबी बसेपर्यंत काय? ‘ओपिल’ ही गोळी मार्च २०२४ पासून चिठ्ठीशिवाय दुकानात मिळते, महिन्याला वीसेक डॉलरला. रोज ठरलेल्या वेळी घ्यावी लागते, तीन तास उशीर झाला तरी चालत नाही. न्यू जर्सीत २०२३ च्या कायद्याने फार्मासिस्टलाही काही प्रश्न विचारून गर्भनिरोधक गोळ्या द्यायची परवानगी आहे. छातीत गाठ, रक्ताची गुठळी असं काही झालं असेल तर ते आधी सांग.

आता क्लिनिकं बंद पडण्याचं. भीती खोटी नाही. ४ जुलै २०२५ च्या केंद्रीय कायद्याने प्लॅन्ड पेरेंटहूडसारख्या, गर्भपाताची सेवाही देणाऱ्या मोठ्या संस्थांना मेडिकेडचे पैसे वर्षभरासाठी थांबवले. लोकांना वाटतं हे पैसे गर्भपाताचे. ते तर १९७६ च्या हाइड दुरुस्तीपासून, मोजके अपवाद सोडता, केंद्राकडून मिळतच नाहीत. थांबले ते पॅप टेस्टचे, गोळ्यांचे, लैंगिक आजारांच्या तपासणीचे. मग काही राज्यांनी स्वतःची तिजोरी उघडली. कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये १४ कोटी डॉलर जाहीर केले. आपल्या राज्यात २०१० मध्ये कुटुंबनियोजनाचे वर्षाला सुमारे ७५ लाख डॉलर अंदाजपत्रकातून गेले, ते २०१८ मध्ये तेव्हाचे राज्यपाल फिल मर्फी यांच्या सहीने परत आले. राज्याच्या लेखी ती रक्कम किरकोळ होती. पण क्लिनिकचा आठवड्यातला एखादा दिवस कमी होतो, नर्स अर्धवेळ होते आणि भेटीची तारीख दीड महिन्यावर जाते ती असल्या किरकोळ रकमांमुळेच. दीड महिना थांबायला सांगितलेली बाई बरेचदा गरोदर होऊन परत येते. म्हणून तुझी भेट ठरली की आपल्या भागातल्या आमदाराच्या ऑफिसलाही एक फोन कर. अजून नागरिक नसलीस तरी बोलायला कोणाची हरकत नाही.

प्रश्न : ज्याचं कुटुंब त्याने नियोजन करावं. माझ्या करातून दुसऱ्याच्या गोळ्या का? हा प्रश्न मी प्रामाणिकपणे विचारतो आहे.
— एक निवृत्त इंजिनिअर, टेक्सास

उत्तर : प्रामाणिकपणे विचारलात, म्हणून उत्तर तुमच्याच राज्यातून देते. २०११ मध्ये टेक्सासने कुटुंबनियोजनाची तरतूद दोन तृतीयांशांनी कापली. डझनावारी क्लिनिकं बंद झाली, आणि त्यांतली कितीतरी अशी होती जिथे गर्भपात होतही नव्हते. वाचलेल्या पैशाचं काय झालं? अमेरिकेत दर दहा बाळंतपणांतल्या साधारण चारांचा खर्च मेडिकेड उचलतं. कर तुम्ही तिथेही भरताच, आणि बाळंतपण गोळ्यांच्या पाकिटापेक्षा कितीतरी महाग असतं. उलट, मेडिकेडमधल्या कुटुंबनियोजनावर राज्याने डॉलर खर्च केला तर त्यातले ९० सेंट केंद्र देतं.

कोलोरॅडोचा अनुभव टेक्सासच्या उलट आहे. तिथे २००९ पासून तांबी आणि हातात बसवायची कांडी गरजू मुलींना फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळू लागली, सुरुवातीला देणगीतून. पाच वर्षांत किशोरवयीन मुलींची बाळंतपणं जवळजवळ निम्म्यावर आली आणि त्यांचे गर्भपातही जवळपास तितकेच घटले. त्या काळात देशभरच हे आकडे उतरत होते, त्यामुळे सगळं श्रेय एका योजनेला मी देणार नाही. पण गर्भपात कमी व्हावेत असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी या क्लिनिकच्या पैशासाठी सर्वांत आधी भांडायला हवं. देणगी संपल्यावर २०१६ मध्ये राज्याने स्वतःच्या अंदाजपत्रकात पैसे धरले, आणि तसं करायला तिथल्या विधिमंडळात बरीच वादावादी व्हावी लागली.

प्रश्न : लेक एमएस करायला ओहायोला चालली आहे. राज्याराज्यांत कायदे वेगळे म्हणतात, ते काय?
— एक आई, नाशिक

उत्तर : २४ जून २०२२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा देशव्यापी हक्क काढला आणि निर्णय राज्यांवर सोपवला. ओहायोच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये तो हक्क, गर्भनिरोधनासह, राज्याच्या घटनेत घातला. शेजारच्या इंडियानात मात्र जवळजवळ पूर्ण बंदी आहे. लेकीला विद्यापीठाच्या विम्याची पुस्तिका निघण्याआधी वाचायला सांगा, आणि पाळीच्या तक्रारी, औषधं यांची नोंद बरोबर द्या. हे बोलणं तिच्याशी तुम्हीच करा, बाबांवर टाकू नका.