साहेबाच्या बंगल्यातलं कपाट

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या वेळचं सागवानी खणांचं कपाट आहे. वर दोन लहान खण, खाली तीन मोठे, पितळी कड्या. गिरणीतल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातून आजोबांनी ते घेतलं, असं घरात सांगतात. आता उजव्या फळीला उभी चीर गेली आहे, मधला खण अडकतो, मागे पिवळसर भुकटी पडते आणि डाव्या बाजूला पांढरट डाग आलेत. मिस्त्री म्हणतात, सगळं तासून मेलामाईन पॉलिश मारून देतो. जुना माल घेणाऱ्यानं पाच हजार सांगितले. मुलगा जर्मनीला न्यायचं म्हणतोय. काय करावं?
— एक वाचक, मुरारजी पेठ, सोलापूर

उत्तर : आधी मिस्त्रींना थांबवा. तासलेली फळी परत जुनी होत नाही आणि जाणकार गिऱ्हाईक पैसे मोजतो ते त्या जुन्या अंगाचेच.

साहेबाचं म्हणाल, तर जुनी गिरणी 1877 ची. साहेब असतील, बंगलेही असतील. पण सोलापुरात ‘साहेबाच्या बंगल्यातली’ म्हणून मला दाखवलेली कपाटं एकत्र ठेवली, तर त्या साहेबाला झोपायला जागा उरली नसती. घरातली गोष्ट घरात राहू द्या. कपाटाचं वय कपाटालाच विचारायचं, आणि तेही समोरून नाही.

सगळे खण बाहेर काढा आणि मधला पालथा घाला. कोपऱ्यात फळ्या एकमेकींत अडकवलेल्या दिसतील, त्याला आम्ही डोव्हटेल म्हणतो. दात लहानमोठे, जरा वाकडे आणि मुळाशी सुतारानं आखलेली बारीक रेघ अजून दिसत असेल, तर काम हाताचं. सगळे दात एका मापाचे असतील तर मशीनचं. मग कपाटाची पाठ बघा. तिथे कुणी पॉलिश करत नाही, त्यामुळे करवतीचे ओरखडे तसेच राहतात. सरळ, कमीजास्त अंतराचे असतील तर हातकरवत. गोलाकार कमानी असतील तर चकतीची करवत. पाठ प्लायवूडची निघाली तर एक तर ती नंतर बदललेली आहे, नाही तर कपाटच तुम्ही समजता तेवढं जुनं नाही.

स्क्रूही बघा. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू 1930 च्या दशकातला शोध, त्यामुळे आजोबांच्या आधीच्या कपाटात तो मुळातला असणार नाही. पण एका नव्या स्क्रूवरून निकाल देऊ नका, शेजारी जुनं भोक बुजवलेलं आहे का ते शोधा. कड्यांचंही तसंच. खणाच्या आतून जादा भोकं दिसली, तर कड्या नंतरच्या.

आता चीर. ही सोलापूरची चीर आहे. फळी लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसते. इथे मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, हवा कोरडी ठाक. फळीला आकसायचं असतं, पण खण सरकायच्या आडव्या पट्ट्या आतून तिला खिळ्यांनी जखडून ठेवतात. मग ती मधूनच फाटते. उन्हाळ्यात त्यात भुसा आणि फेविकॉल भरून घेऊ नका. पावसाळ्यात लाकूड फुगलं की तो भराव फळीला रेटतो आणि शेजारी दुसरी चीर पडते. दिवाळीच्या सुमारास, हवा मधली असताना, सागाचीच पातळ पट्टी एकाच कडेला चिकटवून बसवायला सांगा. आणि पट्ट्यांचे खिळे काढून तिथे लांबट भोकात स्क्रू घालून घ्या, म्हणजे फळीला हलायला जागा राहील. हे न करता नुसती चीर बुजवणं म्हणजे पैसे पाण्यात.

मधला खण बारा महिने अडकतो की फक्त आषाढ-श्रावणात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. फक्त पावसाळ्यात अडकत असेल तर रंधा लावायचा नाही, नाही तर उन्हाळ्यात तोच खण खुळखुळेल. कडेला मेणबत्ती घासा, काम भागेल. बारा महिने अडकत असेल तर खालची कड झिजलेली असणार. तिथे सागाची पट्टी जोडली की झालं, अर्ध्या दिवसाचं काम.

भुकटीची मात्र हयगय नको. मागची जमीन पुसून काळा कागद अंथरा आणि पंधरा दिवसांनी बघा. मैद्यासारखी मऊ भुकटी पडली असेल तर भुंगा, खसखशीसारखे दाणे असतील तर सुक्या लाकडातली वाळवी. कागद कोरा राहिला तर भुकटी जुनी, कपाट हलवल्यानं पडलेली. सागाच्या पक्क्या गाभ्याला भुंगा सहसा लागत नाही. तो कडेच्या फिकट, कच्च्या लाकडात नाही तर मागच्या स्वस्त फळीत घुसतो. तेव्हा टोच्या घेऊन आधी तिथेच दाबून बघा. टोच्या सहज आत गेला तर तेवढी फळी बदला. सगळं कपाट ‘किडलं’ म्हणून टाकू नका, विकणाऱ्याला घाबरवायला हा शब्द फार वापरतात.

पांढरे डाग? डाव्या बाजूला कूलर आहे का बघा. लपलेल्या जागी स्पिरीटचा बोळा टेकवा. चिकट झालं तर पॉलिश लाखेचं आहे. लाखेला दमट हवा लागली की ती पांढरी पडते. कूलर हलवा, मग जेमतेम ओलसर स्पिरीटच्या फडक्यानं हलका हात फिरवा, डाग बहुतेक वेळा उतरतो.

किंमत मी पत्रावरून सांगत नाही. पण पाच हजार हा कपाटाचा भाव नाही, लाकडाचाही नसेल. प्रत्येक फळीची लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करून 144 नं भागा, म्हणजे घनफूट निघतील. वखारीत सागाचा दर विचारा आणि मगच त्या माणसाशी बोला.

जर्मनीचं जरा थांबवा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. त्याहून नवी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. खणांचे सांधे, पाठ आणि कुलपं यांचे फोटो आधी काढून ठेवा, तिथे लागतील.

प्रश्न : पितळी कड्या चिंचेनं घासल्या तर चालतील का?
— एक वाचक, बाळीवेस, सोलापूर

उत्तर : देवाची भांडी घासा. कड्या घासायच्याच असतील तर आधी स्क्रू काढून सुट्या करा, चिंचेचं पाणी लाकडावर गेलं तर काळे डाग पडतात. मी स्वतः सुक्या फडक्यापलीकडे जात नाही.