उत्तर चुकलं, तर आधी ते कसं आलं ते विचार

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चौथीचा वर्ग, शिवाय सहावीचं गणितही तुझ्याकडेच. वर्गात टीव्ही आहे, कपाटात गणित पेटी आहे, तरी हातच्याची वजाबाकी आली की निम्मी मुलं गडबडतात. "मी तर ज्ञानरचनावादानं शिकवते, मग असं का?" हे तू मोकळेपणानं विचारलंस, ते मला आवडलं. म्हणून सविस्तर लिहिते.

मूल आपलं ज्ञान स्वतःच्या अनुभवातून रचतं, हा ज्ञानरचनावाद. तो मांडणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे, वायगॉट्स्की तू डी.एल.एड.ला, म्हणजे शिक्षक पदविकेला वाचले आहेस, ते पुन्हा सांगत बसत नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं ही दिशा दिली, आणि २०१५ मध्ये राज्य सरकारचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम आल्यावर ती आपल्या शाळाशाळांत पोचली. साताऱ्यातल्या कुमठे बीटातल्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक गेले, परत येऊन फरशा रंगवल्या, काड्या-मणी जमवले. त्यामागची तळमळ खरी होती. पण काही ठिकाणी फरशी रंगली की काम झालं, असंही मानलं गेलं. काड्या हातात असल्या म्हणजे मूल विचार करतंच असं नाही, आणि नुसतं फळ्याकडे बघणारं मूलही मनात काही ना काही नियम बांधतच असतं. तो नियम कोणता, हे तुला कळलं पाहिजे.

तुझ्या वर्गाला ४०३ वजा १५८ दे. बरोबर उत्तर २४५. पण वह्यांत ३५५ दिसेल, २५५ दिसेल, एखाद्या वहीत ३०० सुद्धा. ३५५ लिहिणाऱ्यानं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केला आहे: आठातून तीन, पाचातून शून्य. "लहानातून मोठं जात नाही" हे आपणच त्याला सांगितलेलं असतं, ते त्यानं इमानदारीनं पाळलं. ३०० वाल्यानं तेच वाक्य वेगळं घेतलं: जात नाही, म्हणजे काहीच उरत नाही, शून्य. २५५ वालीला हातचा घ्यायचा हे माहीत आहे, पण दशकाच्या घरात शून्य दिसल्यावर तिनं तो थेट शतकाकडून एककाला आणून दिला आणि दशकाच्या घरात पाचातून शून्य काढलं. तिघांचंही उत्तर चूक, पण तिघांना लागणारी मदत वेगवेगळी. तिघांच्या वहीवर सारखीच लाल फुली मारून फळ्यावर तेच गणित पुन्हा सोडवून दाखवलं, तर तिघंही ते उतरवून घेतील आणि उद्या पुन्हा तसंच करतील.

म्हणून खोडण्याआधी विचार, "हे कसं केलंस, मला सांग बरं." आवाजात उलटतपासणी नको. बरोबर उत्तर आलेल्यालाही हेच विचार, नाहीतर बाईंनी विचारलं म्हणजे आपलं चुकलं, हे मुलं आठवडाभरात ओळखतात.

मग काड्या काढ. शंभराचे चार गठ्ठे आणि तीन सुट्या. २५५ वालीला म्हण, आठ सुट्या दे मला. दहाचा गठ्ठा नाहीच, तेव्हा तिला शंभराचा गठ्ठा सोडावा लागेल. रबर निघालं की आत दहा-दहाच्या दहा जुड्या दिसतात. त्यातली एक सोडली की नऊ उरतात आणि हातात तेरा सुट्या येतात. शून्याच्या डोक्यावर नऊ का लिहायचा, हे तिनं स्वतःच्या बोटांनी केलेलं असतं. इथे पेटीतल्या खोट्या नोटा लगेच काढू नकोस. दहाच्या नोटेच्या आत दहा रुपये दिसत नाहीत, ते मानून घ्यावे लागतात. आधी गठ्ठे, मग नोटा, मग नुसते अंक. आणि काड्यांवर जे केलं ते लगेच शेजारी अंकांत लिहून घे, नाहीतर काड्यांचा खेळ वेगळा आणि वहीतलं गणित वेगळं राहतं.

एखादा मुलगा, बहुतेक दुकानात बसणारा, १५८ वरून वर चढत जाईल: दोन मिळवले की १६०, चाळीस मिळवले की २००, आणखी २०३ मिळवले की ४०३. मिळवलेले सगळे झाले २४५. त्याला अडवू नकोस, फळ्यावर बोलाव.

सगळंच मुलांनी शोधायचं, असं मात्र मी म्हणणार नाही. चिन्हं, नावं, लिहायची पद्धत सरळ सांगावी. पाढेही पाठ हवेत. सात चोक अठ्ठावीसची दुप्पट म्हणून सात आठे छप्पन्न, हे एकदा उमजू दे, पण नंतर ते तोंडावर असलंच पाहिजे. भागाकार करताना दरवेळी दुप्पट करत बसलं तर मूल मूळ गणितच विसरतं.

आता टीव्ही. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून व्हिडिओ लावला की वर्ग शांत होतो, आणि त्या शांततेची आपल्याला भुरळ पडते. सरावाचं ॲप पटापट गणितं देतं, तपासतं, ते चांगलंच आहे. पण बरोबर की चूक एवढंच सांगणारं ॲप ३५५ ला आणि २५५ ला एकाच मापानं मोजतं. ते वेगळं करणं तुझं काम.

सहावीला मात्र जिओजेब्रा जरूर वापर. स्क्रीनवर भूमितीच्या आकृत्या काढून त्या हलवता येतात असं ते सॉफ्टवेअर, फुकट आहे, मोबाइलवरही चालतं. आधी प्रत्येकाला वहीत त्रिकोण काढून कोनमापकानं तिन्ही कोन मोजू दे. बेरजा १७८, १८१, १८३ अशा येतील, त्या सगळ्या फळ्यावर लिही. मग स्क्रीनवर त्रिकोण घे आणि शिरोबिंदू ओढण्याआधी विचार, "हा कोपरा वर नेला तर बेरीज वाढेल की कमी होईल?" उत्तर वहीत लिहून झाल्याशिवाय ओढायचं नाही. आधी अंदाज बांधला नसेल, तर ती नुसती हलणारी चित्रं. कधी स्क्रीनवरच्या तीन मापांची बेरीज १८०.०१ होते, कारण मापं दोन दशांश स्थळांपर्यंतच दाखवलेली असतात. कुणाच्या ते लक्षात आलं, तर त्या दिवसाचा पाठ तिथेच थांबव आणि त्यावरच बोला. बेरीज १८० च का, याचं पक्कं कारण पुढच्या वर्गांत समांतर रेषा आणि त्यांना छेदणारी रेषा, म्हणजे छेदिका, शिकल्यावर मिळेल, असं त्यांना आत्ताच सांगून ठेव.

अपूर्णांक सुरू करण्याआधी मला कळव. तीन भाकऱ्या चार जणांत कशा वाटाल, एवढाच प्रश्न चौथीला दे आणि मुलांनी काढलेली चित्रं मला फोनवर पाठव. ती बघून पुढचं लिहीन.

तुझी,
बाई