थीसिससाठी वक्र छताचं चॅपल करतेय. राइनो शिकू की रेव्हिट पुरेल?

राइनो शिका, वळणदार आकार काढायचं सॉफ्टवेअर तेच. इमारतीच्या ड्रॉइंगचं रेव्हिट नोकरी लागल्यावर येतंच. पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की गाइड म्हणतात, ‘असली वळणं आपल्या कामगारांना जमत नाहीत’, म्हणून लिहायला बसलो.

हेच वाक्य मी घोडबंदर रोडच्या एका साइटवर ऐकलंय. मी तिथे साइट इंजिनिअर होतो. आवारातलं छोटं चॅपल, साठेक माणसांचं. आर्किटेक्टने रेंडरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या चित्रात, वाऱ्यावर उडणाऱ्या ओढणीसारखं छत दाखवलं, फादर खूश. सेंटरिंगचा, म्हणजे काँक्रीट ओतायच्या फळ्यांच्या साच्याचा, विषय निघाला तेव्हा आर्किटेक्टसाहेब म्हणाले, सपाट स्लॅब टाका, खालून पीओपीत वळण काढू, मेस्त्रींना हे झेपायचं नाही. मेस्त्री शेजारीच उभे होते.

संध्याकाळी त्यांनी मला थांबवून घेतलं. चौकोनात चार बांबू रोवले, समोरासमोरचे दोन कोपरे उंच, दोन ठेंगणे. चारी बाजूंना तिरक्या फळ्या ठोकल्या, त्यांवर वीत-वीत अंतराने खिळे. मग पिवळी लाइनदोरी इकडच्या पहिल्या खिळ्यापासून समोरच्या पहिल्याला, दुसऱ्यापासून दुसऱ्याला. प्रत्येक दोरी ताठ, सरळ. मागे सरून बघितलं तर चक्क घोड्याचं खोगीर. “ह्यात वाकडं काय आहे, साहेब?” म्हणाले, आणि दोरीला धरून चार इंची फळी टेकवली. बसली. अरुंद फळी तेवढा पीळ घेते.

कॉलेजात त्यालाच हायपरबोलिक पॅराबोलॉइड म्हणतात. मेक्सिकोत आर्किटेक्ट फेलिक्स कँडेलाने १९५८ मध्ये कुएर्नावाकाचं चॅपल ह्याच आकारात केलं, सरळ फळ्यांच्या सेंटरिंगवर. उरुग्वेत इंजिनिअर दिएस्तेच्या आटलांटिडाच्या चर्चची विटांची भिंत खाली सरळ आणि वर लाटेसारखी, तीही सरळ रेषांतूनच निघते. तिथले गवंडी काही आकाशातून पडले नव्हते.

साहेब तो नमुना बघायलासुद्धा आले नाहीत. सपाट स्लॅब झाला, पीओपी झालं, दुसऱ्या पावसाळ्यात लाटेच्या पोटावर पिवळे डाग आले. मला वाईट वाटलं असं खोटं सांगणार नाही.

तेव्हा राइनोत मनाला येईल तसा पृष्ठभाग ओढू नका. दोन कडा घ्या, त्यांच्यामध्ये सरळ रेषा फिरवा, आणि ड्रॉइंगवर कडेच्या प्रत्येक बिंदूची पातळी लिहा. मेस्त्रीला दहा सेक्शन नको असतात, दोरी कुठे बांधायची ते हवं असतं.

हां, कँडेलाच्या छताची ४ सेंटिमीटर जाडी इथे उचलू नका. खाडीच्या हवेत सळईला पुरेसं कव्हर, म्हणजे वरचा काँक्रीटचा थर, द्यायचं तर तेवढ्यात भागत नाही. शेलचं, म्हणजे अशा पातळ छताचं, गणित आयएस २२१० हे भारतीय मानक बघून स्ट्रक्चरलवाल्याकडूनच. बहुतेक पाणी ठेंगण्या कोपऱ्यांवर येतं, तिथली पन्हळ मोठी ठेवा. आणि घुमटासारखं खोलगट काही करू नका, आवाज एका जागी गोळा होतो, प्रवचन कळत नाही.

ज्युरीला रेंडरच्या आधी दोरी-खिळ्यांची चौकट टेबलावर ठेवा. ते साहेब हल्ली ज्युरीवर जातात असं ऐकलंय. असलेच, तर त्यांच्याच पुढ्यात ठेवा.