धुऱ्यावरचं वारूळ पाडायचं का?

प्रश्न : आमच्या धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर (बांधावर) जुनं वारूळ आहे. दर पावसाळ्यात तिथे सात्या (खायच्या अळंब्या) निघतात, घरात सगळे आवडीने खातात. पण धुऱ्यावरच्या तुरीला उधई (वाळवी) लागते म्हणून मुलगा औषध ओतून वारूळ पाडायचं म्हणतो. मग सात्या दुसरीकडे निघतील का?
– एक वाचक, ता. नागभीड, जि. चंद्रपूर

उत्तर : ताई, नाही निघणार. मुलाला थांबवा.

तुमच्या सात्या उधईच्याच शेतातल्या आहेत. वाळकं लाकूड, पालापाचोळा उधई खाते खरी, पण तो पुरता पचवणं तिला एकटीला जमत नाही. म्हणून ती तो चावून, पोटातून काढून वारुळात रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. बुरशी लाकडाचा चिवटपणा मोडते. मग उधई ती बुरशी आणि मऊ झालेला माल दोन्ही खाते. ढासळलेल्या वारुळात मी हा मळा पाहिलाय. अक्रोडाच्या गरासारखा सुरकुतलेला, भोकाभोकांचा, वर बारीक पांढरे दाणे. माणसाची शेती १०-१२ हजार वर्षांची. उधईची सुमारे ३ कोटी वर्षांची! शाळेत शिकवताना हे सांगायची वेळ आली की मलाच भरून यायचं.

पाऊस लागला की त्याच बुरशीला फळ धरतं, ती सात्या. तिचा देठ मुळासारखा खाली थेट मळ्यापर्यंत गेलेला असतो. धिंगरी अळंबी आपण तणसावर (धानाच्या पेंढ्यावर) पिकवतो. सात्यांना मात्र जिवंत वारूळच लागतं. शिवाय पहिल्या पावसात उडणाऱ्या उधईवर पाखरं, बेडूक ताव मारतात आणि ताडोब्यातलं अस्वल तर वारुळं उकरून उधई खातं.

तुरीसाठी शेणखत पुरतं कुजलेलंच घाला, कच्च्या खतावर उधई येते. वाळकी धसकटंही वेचून टाका. वारुळावर औषध पडलंच असेल, तर तिथल्या सात्या खाऊ नका.

सात्या काढताना देठ हळूच वळवा, खाली खणू नका. थोड्या उमलू द्या. नव्या वारुळांना बुरशीचं बी बहुतेक वेळा अशाच उमललेल्या छत्र्यांतून मिळतं. आणि लसूण काळा पडतो का, चांदीचं नाणं काळं पडतं का, या परीक्षांवर विसंबू नका, विषारी छत्र्या त्यांतून सहज सुटतात. जाणत्या माणसाने ओळखली नाही ती छत्री शिजवायचीच नाही. खाऊन उलट्या लागल्या, तर उरलेली छत्री सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.