नाशिकहून स्टुटगार्टला: बॅगेत काय न्यायचं, आणि तिथे गणपती-दिवाळी कशी करायची

प्रश्न असा आहे: सातपूरच्या कंपनीतून तीन वर्षांसाठी जर्मनीतल्या स्टुटगार्टला बदली झाली आहे. नवरा-बायको आणि 6 वर्षांची मुलगी ऑगस्ट 2026 च्या अखेरीस इंदिरानगरातून निघणार आहेत. पोचल्यावर दोन-तीन आठवड्यांत गणपती आहे, तर सणांचं कितपत सामान न्यावं?

बॅगेचा हिशोब सोपा आहे. जे गिरणीतून येतं आणि ज्याला आपलीच हत्यारं लागतात, ते इथून न्या. दूध, लोणी, फुलं यांतलं सगळं तिथलंच वापरा. चकलीची भाजणी 1 किलो, अनारशाचं तयार पीठ अर्धा किलो, पातळ पोहे, काळा मसाला, सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र, दोन पंचे आणि घडीचा कागदी आकाशकंदील, एवढं पुरतं. भाजणी न्याच, कारण तिथे दळून देणारी गिरणी कोपऱ्यावर सापडत नाही. मसाला दोन पिशव्यांत बंद करा, नाहीतर कपड्यांना वास लागतो. भांडी घेताना बुडाला लोहचुंबक लावून बघा. चुंबक चिकटलं तरच भांडं इंडक्शनवर चालतं. घरात काचेची साधी विजेची शेगडी असेल तर ॲल्युमिनियमचा कुकरही चालतो, फक्त बूड सपाट हवं. मिक्सरला वीज आपल्यासारखीच 230 व्होल्ट आहे, पण आपला तीन गोल पिनांचा प्लग बसत नाही. अर्थिंगसह अडॅप्टर न्या, दोन पिनांचा स्वस्तातला नको.

आता काय न्यायचं नाही. घरचं तूप, खवा, पनीर आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात खाजगी सामानातून नेता येत नाहीत. पेढेही त्याच भानगडीत अडकू शकतात, घरीच ठेवा. कढीपत्ता, विड्याची पानं, दूर्वा, पत्री, आंब्याची डहाळी, द्राक्षं यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर माल विमानतळावर जप्त होतो. अननस, केळी, नारळ, खजूर आणि डुरियन एवढ्याच फळांना सूट आहे. कापूर ज्वालाग्राही म्हणून आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात म्हणून, दोन्ही धोकादायक मालाच्या यादीत आहेत. सुक्या खोबऱ्याचा कीस तिथे कुठल्याही दुकानात 'कोकोसरास्पेल' नावाने मिळतो. खसखशीबद्दल कडक सूचना: दुबई किंवा अबुधाबीमार्गे जात असाल तर एक चमचाही नेऊ नका, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात बसते. जर्मनीत खसखस उघड मिळते, पण सुपरमार्केटातली निळी-काळी असते. अनारशासाठी पांढरी तुर्की किंवा भारतीय दुकानात शोधा.

पहिल्या पंधरवड्यात सणाआधी कागदपत्रं. घरात राहायला गेल्यापासून 14 दिवसांत तिघांचीही पत्ता-नोंदणी करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं, भाडेकरारावर भागत नाही. टपालपेटीवर आणि बेलवर त्याच दिवशी नावं लावा. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही. करक्रमांक आणि बँकेचा पिन साध्या टपालाने येतात, आणि पेटीवर नाव नसेल तर टपाल परत जातं. पहिल्या महिन्यात पुष्कळ घोळ पेटीवरच्या याच नावाच्या चिठ्ठीअभावी होतात. दरमहा 18.36 युरोच्या रेडिओ-टीव्ही प्रसारण शुल्काचं पत्र आलं तर ते फसवणूक समजून टाकून देऊ नका, ते प्रत्येक घराला भरावं लागतं. मुलीचं लसीकरणाचं पुस्तक हाताच्या बॅगेत ठेवा. गोवरच्या दोन मात्रांचा पुरावा शाळा मागते. आणि घर बघताना जाहिरातीत 'आइनबाउक्युशे' (म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर) लिहिलं आहे का पाहा, नसेल तर स्वयंपाकघराच्या नावाखाली नुसत्या भिंती आणि नळाची जोडणी मिळू शकते.

गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी आहे, आणि स्टुटगार्टच्या राज्यातल्या शाळा उन्हाळी सुट्टीनंतर त्याच दिवशी उघडतात. मुलगी पहिलीत जाणार असेल तर तिचा प्रवेशसोहळाही सहसा त्याच आठवड्यात असतो. त्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात खाऊ आणि रंगपेट्यांनी भरलेला पुठ्ठ्याचा मोठा शंकू असतो, शुलट्यूटे. तो आईवडिलांनी भरायचा असतो आणि मुलीकडे तो नसेल तर ती एकटी पडते, म्हणून मखराआधी त्याची तयारी करा. शाकाहारी असाल तर भरताना जिलेटीन बघा, रंगीत चिवट गोळ्यांत ते बहुधा डुकराचं असतं.

मूर्ती शाडूची आणि 6 इंचांपर्यंतचीच घ्या. तुटते ती मनगटाशी आणि सोंडेच्या टोकाशी, म्हणून तिथे कापूस भरून मग पंचा गुंडाळा, आणि खोका हाताच्या सामानात ठेवा. विसर्जन बादलीत. नेकार नदीत काहीही टाकायला कायद्याने मनाई आहे. शाडू काही तासांपासून दिवसभरात विरघळतो. पुढची चूक फार जण करतात: ते गढूळ पाणी बेसिनमध्ये किंवा संडासात ओततात, माती पाइपच्या वळणात बसते आणि प्लंबरचं बिल येतं. दोन दिवस गाळ बसू द्या, वरचं पाणी झाडांना घाला आणि माती कुंडीत जिरवा. निर्माल्य दोरा काढून जैविक कचऱ्याच्या डब्यात टाका.

आरतीची खरी अडचण आवाजापेक्षा धुराची असते. झोपायच्या खोल्यांत आणि पॅसेजमध्ये छताला धुराचे अलार्म असतातच. उदबत्ती, धूप पेटवायचं तर दिवाणखान्यात उघड्या खिडकीशी. सुरुवातीला कंपनीच्या फर्निश्ड अपार्टमेंटमध्ये राहणार असाल तर धूप नकोच. अशा इमारतींचा अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असू शकतो आणि खोट्या फेरीचा खर्च तुमच्या माथी येतो. रात्री 10 ते सकाळी 6 शांतता पाळायची असते, रविवारी तर दिवसभर. नाशिक ढोल विसरा, टाळ आणि घंटा चालतात. जिन्यात आदल्या दिवशी एक चिठ्ठी लावा: अमुक दिवशी 7 ते 8 पूजा आहे, थोडा आवाज होईल. पुष्कळ काम होतं तेवढ्याने.

मोदकांचं पीठ घेताना 'राइसमेल' म्हणजे साधं तांदळाचं पीठ घ्या, 'क्लेबराइसमेल' नको. ते चिकट तांदळाचं असतं आणि उकड हाताला चिकटून बसते. तिथे मिळणारं थाई पीठ फार बारीक असतं, म्हणून 2 वाट्या पिठाला पावणेदोन वाट्या पाणी, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. उकळी आली की पीठ घाला, ढवळा, झाकण ठेवा आणि पातेलं शेगडीवरून उचलून बाजूला ठेवा. काचेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, आणि नाशिकच्या गॅसच्या सवयीने पातेलं तिथेच ठेवलं की उकड खाली लागते. दूधही याच कारणाने उतू जातं.

तूप मात्र तिथे मनासारखं होतं. लोण्याच्या वेष्टनावर 'झाउअररामबुटर' लिहिलेलं बिनमिठाचं लोणी घ्या. ते विरजलेल्या सायीचं असतं, त्यामुळे लोणकढ्या तुपाचा वास येतो. 250 ग्रॅमच्या दोन वड्या मध्यम आचेवर ठेवा. आधी फेस येतो, मग तडतड थांबते, तळाची बेरी बदामी झाली की लगेच उतरवा. 400 ग्रॅमच्या आसपास तूप निघतं. तयार हवं तर 'बुटरश्माल्त्स' म्हणजे लोण्याचं तूप. नुसतं 'श्माल्त्स' किंवा 'श्वाइनेश्माल्त्स' ही डुकराची चरबी. दोन्ही बऱ्याचदा एकाच फळीवर असतात. श्रीखंडासाठी वेष्टनावर 40 टक्के लिहिलेला (हा स्निग्धांश कोरड्या अंशातला) क्वार्क, म्हणजे तिथला चक्क्यासारखा पदार्थ, अर्धा किलो पंच्यात बांधून चाळणीवर, फ्रीजमध्ये 3-4 तास ठेवा. तो आधीच घट्ट असतो, रात्रभर टांगायची गरज नाही. चक्क्याच्या पाऊणपट साखर घालून पुरणयंत्रातून काढा. बिनस्निग्धांशाचा मागरक्वार्क स्वस्त असतो, पण श्रीखंड खडूसारखं कोरडं लागतं.

चकल्या तळून, कुकर लावून झाला की खिडक्या 5 ते 10 मिनिटं सताड उघडा, दिवसातून तीन-चारदा, थंडीतसुद्धा. किलकिल्या ठेवल्याने भिंत गार पडते आणि वाफेने बुरशी धरते. घर सोडताना डिपॉझिटमधून याच काळ्या डागांची मोठी कपात होऊ शकते.

दिवाळीत नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही 8 नोव्हेंबरला, रविवारी आहेत. रविवारी दुकानं बंद, म्हणून बत्तासे, फुलं, दूध शनिवारी दुपारपर्यंत घरात हवं. सूर्योदय सव्वासातच्या सुमारास आणि सूर्यास्त पाचच्या आधीच. नाशिकच्या मुहूर्तातून साडेचार तास वजा करू नका. प्रदोषकाळ स्थानिक सूर्यास्तावरून ठरतो, पंचांगात गाव बदलून घ्या. शेवंतीच्या कुंड्या त्या दिवसांत मुबलक मिळतात, कारण 1 नोव्हेंबरला लोक त्या थडग्यांवर ठेवतात. पूजेला खुशाल वापरा, पण शेजारणीला फराळाबरोबर शेवंती देऊ नका. तेव्हाच दुकानांत मिळणारे लाल डब्यांतले दिवेही कबरीवरचेच, ते बाल्कनीत नकोत. साध्या टीलाइट घ्या, चारेक तास जळतात. जिन्यात पणत्या आणि चपलांचा स्टँड दोन्हीला आक्षेप येतो, रांगोळी दाराच्या आत पाटावर काढा. दारावर केअरवोखेची पाटी अडकवलेली दिसली तर त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची, फराळाच्या गडबडीत ती चुकवू नका. फटाके फक्त 31 डिसेंबर आणि 1 जानेवारीला उडवता येतात. फुलबाज्या वर्षभर मिळतात, पण 12 वर्षांपुढच्यांसाठी.

भाऊबीज 11 नोव्हेंबरला, बुधवारी. तीच तारीख सेंट मार्टिन या संताच्या सणाची. त्या सुमारास मुलं घरी किंवा शाळेत केलेले कागदी कंदील काठीला लावून संध्याकाळी गाणी म्हणत फिरतात. मिरवणूक बहुधा अंधार पडताच निघते, वेळ शाळेच्या चिठ्ठीत असते. ओवाळणं आधी उरकून घ्या. आकाशकंदील करायला शिकलेल्या मुलीला तो कंदील जमेलच, बांबूच्या कामट्या मात्र नाशिकहून न्या.